स्पिनट्रॉनिक्समध्ये संशोधन करायचं, तर पातळ थर की नॅनोकण?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होत आली आहे आणि पुढे विद्यापीठात राहून स्पिनट्रॉनिक्स (इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि त्याचा स्पिन, म्हणजे अंगभूत चुंबकत्व, दोन्ही वापरणारं तंत्र) किंवा चुंबकीय नॅनोपदार्थांवर संशोधन करायचं आहे. दोन गट समोर आहेत. एक रासायनिक पद्धतीने फेराइटचे (लोखंडयुक्त चुंबकीय ऑक्साइडचे) नॅनोकण बनवतो, दुसरा स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून) काही नॅनोमीटर जाडीचे धातूंचे थर बसवतो. कोणता घ्यावा? एमआरएएम (चुंबकीय स्मृती) चिप बाजारात आल्यावर विद्यापीठातल्या माणसाला करण्यासारखं काही उरलं आहे का? आणि अशी कारकीर्द आतून कशी असते?

माझी बरीच वर्षं पातळ थरांवर गेली, मधला एक मोठा तुकडा नॅनोकणांवर. तेव्हा उत्तर आधी सांगून टाकते, कारणं मागाहून. या क्षेत्रात गाजणारा विषय दर सहा-सात वर्षांनी बदलतो. पीएचडीला निवडलेला विषय निवृत्तीपर्यंत पुरल्याची उदाहरणं मला फारशी माहीत नाहीत. पुरतं ते मोजमाप: तुम्हाला काय नीट मोजता येतं, आणि मोजलेला सिग्नल खरोखर तुमच्या पदार्थातूनच येतोय हे तुम्ही कितपत ठामपणे दाखवू शकता. चुंबकत्वात हे इतर शाखांपेक्षा अवघड आहे, कारण खोटा सिग्नल देणाऱ्या गोष्टी इथे फार आहेत. म्हणून जो गट स्वतःच्या निकालावर संशय घ्यायला शिकवतो तो घ्या. थर की कण हा त्यानंतरचा प्रश्न. त्यावरही माझं मत आहे, ते पुढे येईल.

आधी थोडा इतिहास, कारण कारकीर्द कशी उभी राहते ते त्यातून दिसतं. जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात पातळ थरांचा विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलण्याचा, शोध १९८८ चा. पॅरिसजवळ ऑर्से इथे आल्बेर फर्ट यांच्या गटाने लोखंड आणि क्रोमियमचे एकाआड एक थर लावले. ४.२ केल्विनला, सुमारे २ टेसला क्षेत्रात, त्यांचा विद्युतरोध जवळजवळ निम्म्यावर आला. त्याच सुमारास जर्मनीत युलिश इथे पेटर ग्रुनबर्ग यांना लोखंड-क्रोमियम-लोखंड अशा तीनच थरांत, खोलीच्या तापमानाला, दीड टक्क्याचा बदल दिसला. दोघांना मिळून २००७ चं नोबेल मिळालं. हे सगळीकडे वाचायला मिळतं. त्याआधीची वर्षं मात्र कुणी फारशी सांगत नाही. फर्ट यांचा प्रबंध १९७० चा. निकेल आणि लोखंडात अशुद्धी मिसळल्या, की वर-स्पिन आणि खाली-स्पिन इलेक्ट्रॉनांचे दोन प्रवाह वेगवेगळा रोध अनुभवतात, हा त्यांचा विषय. मूळ कल्पना मॉट यांची, १९३६ ची. म्हणजे फर्ट यांना हवं असलेलं भौतिकशास्त्र जवळपास वीस वर्षं हाताशी होतं. एक-दोन नॅनोमीटरचे स्वच्छ थर बसवण्याचं तंत्र यायचं होतं. ग्रुनबर्ग तर स्पिन लहरींवर (चुंबकनातल्या लाटांवर) प्रकाश विखुरण्याचे प्रयोग करणारे. त्याच प्रयोगांतून त्यांना १९८६ मध्ये दिसलं, की मधल्या क्रोमियमची जाडी योग्य असेल तर दोन बाजूंचे लोखंडाचे थर एकमेकांच्या विरुद्ध दिशेला चुंबकित होतात. हे कळल्यावर त्या थरांचा विद्युतरोध मोजणं ही सरळ पुढची पायरी होती. दोघांकडेही आपापलं एक पक्कं मोजमाप होतं, आणि ते अनेक वर्षं घासलेलं होतं.

आणखी एक माणूस या गोष्टीत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे आयबीएममधले स्टुअर्ट पार्किन. असे थर स्पटरिंगसारख्या झटपट पद्धतीनेही बनतात, आणि मधल्या थराची जाडी वाढवत नेली की चुंबकीय थरांची जोडणी उलट-सुलट होत राहते, हे त्यांनी १९९० च्या सुमारास दाखवलं. हे कळायला जाडी बदलत नेलेल्या सॅम्पलांच्या मालिकाच्या मालिका लागल्या. १९९७ मध्ये आयबीएमची या परिणामावर चालणारी हार्ड डिस्क बाजारात आली. शोधापासून उत्पादनापर्यंत नऊ वर्षं. घन अवस्थेच्या भौतिकशास्त्रात हा वेग अपवादात्मक आहे. सगळंच असं होईल अशी आशा धरून यात येऊ नका. टनेल मॅग्नेटोरेझिस्टन्सचंच पाहा; यात दोन चुंबकीय थरांमध्ये पातळ अडसर असतो आणि इलेक्ट्रॉन त्यातून आरपार जातात. झुलिएर यांनी तो १९७५ मध्ये लोखंड-जर्मेनियम-कोबाल्टमध्ये ४.२ केल्विनला मोजला, साधारण १४ टक्के. खोलीच्या तापमानाला तो खात्रीने दिसायला १९९५ उजाडलं; अमेरिकेत एमआयटीमध्ये मूडेरा आणि जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात मियाझाकी, दोघांनीही अ‍ॅल्युमिनाचा पातळ थर वापरून. मग २००१ मध्ये सैद्धांतिक गणितातून भाकीत आलं, की स्फटिकी मॅग्नेशियम ऑक्साइड वापरलं तर परिणाम कित्येक पटींनी वाढेल. २००४ मध्ये पार्किन आणि युआसा यांच्या गटांनी वेगवेगळं काम करून २०० टक्क्यांच्या घरातले आकडे दाखवले, आणि २००८ मध्ये जपानमधून ६०४ टक्के आले. एका प्रयोगापासून खऱ्या वापरापर्यंत तीस वर्षं, आणि मधली वीस वर्षं जवळपास शांतता.

आता मुख्य मुद्दा. थोडं गणित करू, कारण आकड्यांशिवाय हा धोका समजत नाही.

५ गुणिले ५ मिलिमीटरच्या सिलिकॉन तुकड्यावर १० नॅनोमीटर पर्मलॉय (निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) बसवलंत, तर त्याचं एकूण चुंबकीय आघूर्ण (चुंबकत्वाची एकूण ताकद) साधारण २ गुणिले दहाचा उणे चौथा घात इतकं ईएमयू (आघूर्णाचं एकक) येतं. १ मायक्रोग्रॅम लोखंडाचं आघूर्णही जवळजवळ तेवढंच. १ मायक्रोग्रॅम लोखंड म्हणजे ५० मायक्रॉनचा एक कण, केसाच्या जाडीएवढा. तो तुकड्याच्या कडेला चिकटून राहिला, तर तुमच्या अख्ख्या थराइतका सिग्नल तो एकटा देईल. स्क्विड मॅग्नेटोमीटरची (अतिवाहक संवेदकाने फार सूक्ष्म चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणाची) संवेदनशीलता दहाचा उणे आठवा घात ईएमयूच्या आसपास असते, म्हणजे त्याला सुमारे २ मायक्रॉनचा लोखंडी कणसुद्धा दिसतो. स्टीलच्या चिमट्याने सॅम्पल उचललंत, स्टीलच्या पात्याने कापलंत, बोटांना लागलेली धूळ तुकड्यावर गेली, की हिस्टेरेसिसचा लूप (चुंबकाची ओळख देणारा बंद वक्र) तयार. शिवाय खाली सिलिकॉन आहे. त्याचा डायामॅग्नेटिक सिग्नल उलट्या दिशेचा आणि क्षेत्राबरोबर वाढत जाणारा. १ टेसलाला तो १ नॅनोमीटर पर्मलॉयच्या सिग्नलच्या बरोबरीला येऊन बसतो. ती सरळ रेषा वजा करताना उतार किंचित चुकला, की संपृक्त चुंबकन वाटेल तसं निघतं.

यामुळे अख्खं उपक्षेत्र कसं हेलकावे खाऊ शकतं ते दोन हजारच्या दशकात दिसलं. मँगनीज मिसळलेलं गॅलियम आर्सेनाइड हे खरं चुंबकीय अर्धवाहक. त्यावरचं काम भक्कम आहे. पण त्याचं क्युरी तापमान (ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसं होतं ते) खूप खटपटी करूनही २०० केल्विनच्या आसपासच अडलं. २००० मध्ये एक सैद्धांतिक भाकीत आलं, की झिंक ऑक्साइड आणि गॅलियम नायट्राइडमध्ये हे तापमान खोलीच्या तापमानापलीकडे जाऊ शकतं. भाकिताला अटी होत्या: पुरेसं मँगनीज हवं आणि होल (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा) भरपूर हवेत. त्या अटी लवकरच विसरल्या गेल्या. जगभरातून कोबाल्ट, मँगनीज, लोखंड, निकेल मिसळलेल्या ऑक्साइडांवर पेपरांचा पूर आला, आणि जवळपास प्रत्येकात खोलीच्या तापमानाचं फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं चुंबकत्व). बऱ्याच ठिकाणी खरं कारण वेगळं निघालं: कुठे कोबाल्टचे धातुरूप गोळे तयार झाले होते, कुठे दुसरी अवस्था मिसळली होती. २००४ मध्ये तर हाफ्नियम ऑक्साइडमध्ये, ज्यात चुंबकीय अणू एकही नाही, फेरोमॅग्नेटिझम असल्याचा दावा झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने नेटका प्रयोग केला: काळजीपूर्वक हाताळलेल्या थरांत काहीच दिसलं नाही, आणि स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने हाताळलेल्यांत तसाच सिग्नल दिसला. तो पेपर छोटा आहे. माझ्या गटात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी तो पहिल्या आठवड्यात वाचायला देते, आणि प्लास्टिकचे चिमटे वेगळ्या डब्यात ठेवते.

उपकरणंही फसवतात. सुपरकंडक्टिंग चुंबक मोठ्या क्षेत्रातून शून्यावर आणला, की त्यात थोडं क्षेत्र अडकून राहतं, दहा-वीस ओर्स्टेडपर्यंत (ओर्स्टेड हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). पडद्यावर मात्र शून्य दिसतं. पर्मलॉयची कोअर्सिव्हिटी (चुंबकन उलटवायला लागणारं क्षेत्र) काही ओर्स्टेड. त्यामुळे लूप चक्क उलटा येतो. ‘ऋण हिस्टेरेसिस’चा नवा परिणाम सापडला म्हणून आनंदाने धावत आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. अशा वेळी पॅलेडियमचं प्रमाणित सॅम्पल लावून खरं क्षेत्र काढायचं, की गोष्ट संपते. सॅम्पलच्या कोठीत हवा शिरली असेल तर तापमानाच्या आलेखात ५० केल्विनच्या आसपास उंचवटा येतो. तो गोठलेल्या ऑक्सिजनचा. मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडचं व्हर्वे संक्रमण (त्याची रचना आणि वाहकता एकदम बदलते ती पायरी) १२० केल्विनजवळ. तुमच्या पदार्थात मॅग्नेटाइट नसायला हवं आणि तिथे पायरी दिसली, तर लोखंडाची भेसळ आहे असं समजा. ही यादी पाठ करून भागत नाही. दरवेळी नवीन काहीतरी निघतं.

स्पिन प्रवाहाच्या मोजमापात हाच खेळ विजेच्या रूपात होतो. फेरोमॅग्नेटला सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्हनी) अनुनादात आणलं, की शेजारच्या प्लॅटिनममध्ये स्पिन प्रवाह शिरतो आणि इन्व्हर्स स्पिन हॉल परिणामामुळे (यात स्पिन प्रवाहाचं विजेत रूपांतर होतं) काही मायक्रोव्होल्टचा विद्युतदाब मिळतो. पण त्याच वेळी सूक्ष्मलहरींचा प्रवाह आणि फेरोमॅग्नेटचा डोलणारा रोध यांच्या गुणाकारातूनही एकदिश विद्युतदाब तयार होतो. दोघांची शिखरं एकाच क्षेत्राला. कोनाप्रमाणे सिग्नल कसा बदलतो ते पाहून, शिखराचा सममित आणि विषमित भाग वेगळा काढून यातून मार्ग निघतो. सगळ्यात बोलकी चाचणी त्याहून साधी आहे. प्लॅटिनमच्या जागी टँटलम लावा: त्याचा स्पिन हॉल कोन (या रूपांतराचं प्रमाण) उलट चिन्हाचा, तेव्हा सिग्नलही उलटायला हवा. तांबं लावा, सिग्नल जवळजवळ मावळायला हवा. ही दोन जादा सॅम्पलं न बनवता लिहिलेले पेपर परीक्षणाला आले, की मी तीच पहिली मागते. एकट्या प्लॅटिनमच्या स्पिन हॉल कोनाचे छापलेले आकडे अर्ध्या टक्क्याखालपासून दहा टक्क्यांच्या वरपर्यंत पसरलेले आहेत. थरांची प्रत वेगळी हे त्याचं एक कारण खरं. पण विश्लेषणात काय गृहीत धरलं, स्पिन किती अंतर टिकतो असं मानलं, सीमेवर किती स्पिन हरवतात हे सोडून दिलं की धरलं, यानेही आकडा हलतो.

टोपोलॉजिकल हॉल परिणाम हे आणखी एक उदाहरण. हॉल रोधाच्या (प्रवाहाला आडव्या दिशेने मोजलेल्या रोधाच्या) आलेखात कुबड दिसलं की स्कर्मिऑन (स्पिनांचे अतिसूक्ष्म भोवरे) सापडले, असं काही वर्षं सर्रास लिहिलं गेलं. थराच्या दोन भागांत अनॉमलस हॉल परिणाम (हॉल रोधातला चुंबकनामुळे येणारा वाटा) उलट चिन्हाचा असेल आणि त्यांची कोअर्सिव्हिटी वेगळी असेल, तरी तंतोतंत तसंच कुबड येतं. खरे स्कर्मिऑन आहेतच. २००९ मध्ये मँगनीज सिलिसाइडमध्ये न्यूट्रॉन विखुरण्याने ते दिसले आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या एका पदार्थात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष. पण नुसत्या कुबडावरून त्यांचं अस्तित्व मांडणं घाईचं आहे.

आता नॅनोकणांकडे. यातलं भौतिकशास्त्र मला मनापासून आवडतं, कारण एका घातांकी सूत्रात सगळं नाट्य आहे. एवढ्याशा कणाचं चुंबकन उष्णतेमुळे आपोआप उलटतं. त्याला लागणारा वेळ अनिसोट्रॉपी (चुंबकनाची ठरावीक दिशेकडची ओढ) गुणिले आकारमान भागिले तापमानाची ऊर्जा, या गुणोत्तराच्या घातांकाने वाढतो. सुरुवातीचा काळ १ नॅनोसेकंद धरला, तर गुणोत्तर २५ असताना चुंबकन शंभरेक सेकंद टिकतं आणि ४० असताना सुमारे दहा वर्षं. मॅग्नेटाइटचा मोठ्या स्फटिकातला अनिसोट्रॉपी स्थिरांक घेऊन खोलीच्या तापमानाला व्यास काढा: पहिल्यासाठी सुमारे २५ नॅनोमीटर, दुसऱ्यासाठी सुमारे २९. चार नॅनोमीटरच्या फरकात शंभर सेकंदांची दहा वर्षं होतात. आता विचार करा, की तुमच्या बाटलीतल्या कणांच्या व्यासात दहा-पंधरा टक्क्यांची तफावत आहे. मग ‘या सॅम्पलचं ब्लॉकिंग तापमान (ज्याच्या खाली चुंबकन उलटणं थांबतं ते) अमुक’ या वाक्याला किती अर्थ उरतो? थंड करताना क्षेत्र शून्य ठेवून आणि मग क्षेत्र लावून घेतलेल्या दोन आलेखांतलं शिखर हे वितरणाचं काहीतरी सरासरी रूप असतं, त्यात कण एकमेकांवर लावत असलेलं बलही मिसळलेलं. वारंवारता बदलून एसी ससेप्टिबिलिटी (बदलत्या क्षेत्राला मिळणारा प्रतिसाद) घेतली, कण दूरदूर पसरवून पुन्हा मोजलं, तर हा गुंता थोडा सुटतो.

अडचण अशी, की नॅनोकणांमध्ये शिरायला खर्च कमी लागतो. सह-अवक्षेपण किंवा सोल-जेल (कण बनवायच्या रासायनिक कृती) करायचं, क्ष-किरण विवर्तन घ्यायचं, सूक्ष्मदर्शकाचे फोटो काढायचे, व्हीएसएमवर (सॅम्पल कंपवून चुंबकन मोजणाऱ्या यंत्रावर) लूप घ्यायचा, आणि पुढच्या वेळी जस्ताऐवजी निकेल घालायचं. मूलद्रव्यांची कोष्टकं संपेपर्यंत हे चालू शकतं. अशा पेपरांमागे शोधायचा प्रश्नच नसतो, आणि त्यावर उभी केलेली कारकीर्द पोस्टडॉकच्या मुलाखतीत पहिल्या अर्ध्या तासात ढासळते. तुम्हाला बोलावणारा गट यातला आहे का, हे ओळखायला त्यांचे मागचे पाच-सहा पेपर वाचा. शीर्षकातलं मूलद्रव्य बदललं तर निष्कर्ष बदलतो का, ते बघा. चांगला गट मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट (लोखंडाचं दुसरं एक ऑक्साइड) यांत भेद करण्यासाठी मॉसबाउअरपर्यंत (गॅमा किरणांनी लोखंडाच्या अणूंची अवस्था ओळखण्याच्या मोजमापापर्यंत) जातो, कारण दोघांचे स्फटिक स्थिरांक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच वेगळे आणि नॅनोकणांच्या रुंद झालेल्या शिखरांत तो फरक बुडून जातो. चांगला गट सूक्ष्मदर्शकातला व्यास, विवर्तनातून निघालेला व्यास आणि चुंबकीय मोजमापातला व्यास शेजारी मांडतो, आणि तिन्ही का जुळत नाहीत याचं उत्तर शोधतो. उष्णता देऊन कर्करोगाची गाठ नष्ट करण्याच्या उपचारासाठी कण बनवत असतील, तर क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता स्पष्ट लिहिलेली असावी. दोन्हींचा गुणाकार सुमारे ४.८५ गुणिले दहाचा आठवा घात अँपिअर प्रति मीटर प्रति सेकंद याच्या आत ठेवण्याची मर्यादा १९८४ पासून मांडली गेली आहे. त्यापलीकडे जाऊन मिळवलेली उष्णता रुग्णाच्या कामाची असेलच असं नाही.

थरांच्या गटात प्रवेश महाग असतो आणि शिकणं हळू. निर्वात कोठीचा पाया-दाब दहाचा उणे आठवा घात टॉरपर्यंत नेणं, गळती शोधणं, टार्गेट (ज्या धातूचा थर बसवायचा ती चकती) बदलणं, प्रत्येक टार्गेटचा थर बसण्याचा वेग क्ष-किरण परावर्तनाने ठरवणं, यात पहिलं वर्ष सहज जातं. कुटुंबाला सांगण्यासारखं त्यात काही नसतं. पण त्या वर्षात हात तयार होतात. कोबाल्ट-लोखंड-बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची जोडी घ्या. जवळजवळ सगळ्या आधुनिक एमआरएएमच्या पोटात तीच आहे. बसवताना धातूचा थर अस्फटिक असतो. ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवल्यावर बोरॉन बाहेर सरकतं आणि ऑक्साइडच्या सीमेपासून स्फटिक बनत जातो. सुमारे १.३ नॅनोमीटर जाडीला त्याचं चुंबकन पृष्ठभागाला लंब उभं राहतं, हे २०१० मध्ये तोहोकूच्या गटाने ४० नॅनोमीटरच्या टनेल जंक्शनमध्ये दाखवलं. खाली टँटलम आहे की टंगस्टन, याने तापमान सहन करण्याची क्षमता बदलते. हे वाचून कळतं, पण ०.२ नॅनोमीटर जाडी चुकली की लंब चुंबकन आडवं पडतं, हे स्वतः बसवल्याशिवाय अंगात मुरत नाही.

‘काही उरलं आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर: मॅग्नेटोरेझिस्टन्सच्या टक्केवारीच्या शर्यतीत तुमच्यासाठी काही उरलेलं नाही. ३०० मिलिमीटरच्या वेफरवर काम करणाऱ्या कंपनीशी विद्यापीठाची एक कोठी स्पर्धा करू शकत नाही, करूही नये. २००६ मध्ये ४ मेगाबिटचा एमआरएएम विकायला आला, २०१९ मध्ये मोठ्या चिप उत्पादकांनी तो प्रोसेसरशेजारी बसवायला घेतला. तिथले प्रश्न आता अभियांत्रिकीचे आहेत. विद्यापीठाचे प्रश्न ‘का’चे. स्पिन-ऑर्बिट टॉर्कमध्ये (विजेच्या प्रवाहाने चुंबकन वळवणाऱ्या जोरात) थराच्या आतून किती येतं आणि सीमेवरून किती? क्षेत्राशिवाय लंब चुंबकन उलटवायचं तर सममिती कुठे मोडायची? अँटिफेरोमॅग्नेट (शेजारचे स्पिन परस्परविरुद्ध असलेला पदार्थ) विजेच्या स्पंदाने खरंच वळतो, की फक्त तापतो? हा शेवटचा प्रश्न गमतीचा नाही: २०१६ नंतर अशा वळवण्याचे बरेच दावे झाले, आणि २०१९ मध्ये दाखवलं गेलं, की प्लॅटिनमच्या पट्ट्या तापल्यानेही तसाच सिग्नल येतो. आजचा गाजणारा शब्द अल्टरमॅग्नेट (एकूण चुंबकन शून्य, तरी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत स्पिनप्रमाणे फरक असलेला पदार्थ) आहे, २०२२ पासून. त्याचा पहिला लाडका पदार्थ रुथेनियम डायऑक्साइड. २०२४ मध्ये म्युऑन आणि न्यूट्रॉनच्या प्रयोगांनी चांगल्या स्फटिकांत चुंबकीय क्रमच सापडत नसल्याचं सांगितलं, आणि आता पातळ थरांचं काय यावर वाद आहे. मँगनीज टेल्युराइडसारख्या पदार्थांत पुरावा जास्त भक्कम आहे. ज्यांच्याकडे स्वच्छ थर आणि विश्वासार्ह मोजमाप आहे त्यांना या वादात काम आहे. नुसता शब्द पकडून आलेल्यांना दोन वर्षांत पुढचा शब्द शोधावा लागेल.

कारकिर्दीच्या टप्प्यांबद्दल थोडक्यात. पीएचडीत एक पदार्थ आणि एक मोजमाप पक्कं करा. पोस्टडॉकमध्ये त्यातलं एकच बदला. दोन्ही बदललंत तर नव्या गटात तुम्ही पुन्हा पहिलीत बसता, काहीच बदललं नाहीत तर स्वतंत्र पदासाठी अर्ज करताना गाईडपासून वेगळं काय, हे सांगता येत नाही. माझ्या मते सिंक्रोट्रॉनवरचा (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावरचा) क्ष-किरण चुंबकीय वर्तुळी द्विवर्णता प्रयोग प्रत्येकाने एकदा तरी करावा. तो मूलद्रव्यागणिक चुंबकत्व दाखवतो, म्हणजे सिग्नल कोबाल्टचा की भेसळीतल्या लोखंडाचा हे थेट कळतं, आणि वर्णपटाच्या आकारावरून कोबाल्ट धातुरूप आहे की ऑक्साइडच्या जाळीत बसलेला, याचाही अंदाज येतो. बीमटाइम (त्या यंत्रावरचा वेळ) प्रस्ताव लिहून मिळतो. तो लिहिता येणं हे पुढे अनुदानाचे प्रस्ताव लिहिण्याचं उत्तम शिक्षण आहे, कारण दोन पानांत ‘हेच मोजमाप का आणि उत्तर नाही आलं तर काय कळेल’ हे सांगावं लागतं. स्वतंत्र पद मिळाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं प्रयोगशाळा उभी करण्यात जातात. त्या काळात पेपर कमी होतात, तेव्हा एक स्वस्त पण तुमच्याच हातातलं मोजमाप आधी चालू करा. मी फेरोमॅग्नेटिक रेझोनन्स (सूक्ष्मलहरींनी चुंबकन अनुनादात आणून मोजणं) निवडेन. एक सूक्ष्मलहर स्रोत, एक विद्युतचुंबक, एक लॉक-इन (क्षीण सिग्नल वेगळा काढणारं उपकरण). त्यातून चुंबकनाचं प्रभावी मूल्य मिळतं, आणि रेषारुंदी वारंवारतेबरोबर कशी वाढते त्यावरून डँपिंग (चुंबकनाची हालचाल किती लवकर शमते). तेही फसवतं, रुंदीत असमानतेचा वाटा असतो, पण निदान कुठे फसवतं ते माहीत आहे.

सिद्धांत आणि संगणन याबद्दल विचारलेलं नाही, तरी एक गोष्ट सांगते. चुंबकनाचं गणित करणाऱ्या मायक्रोमॅग्नेटिक संगणक-प्रणाली, ऊमफ किंवा म्युमॅक्स, आज कुणीही चालवू शकतो. पर्मलॉयची एक्स्चेंज लांबी (जेवढ्या अंतरात चुंबकन फारसं वळत नाही ती) सुमारे ५ नॅनोमीटर. जाळीचा चौकोन त्याहून मोठा घेतलात तर चित्र सुंदर येतं आणि चुकीचं असतं. चौकोन निम्मा करून उत्तर बदलतं का, हे न पाहता कुठलंही चित्र पेपरात घालू नका. आणि चुंबकत्वात दोन एकक-पद्धती सुखाने एकत्र नांदत नाहीत. ईएमयू, ओर्स्टेड, टेसला, अँपिअर प्रति मीटर यांचं रूपांतर दरवेळी कागदावर करा. छापील पेपरांत ४ पायच्या चुका मी आजही पाहते.

राहिला तुमच्या दोन गटांचा प्रश्न. बाकी सगळं सारखं असेल तर मी थरांकडे जाईन, कारण तिथे पदार्थावरचा ताबा अणूंच्या थरांपर्यंत जातो आणि पुढे कुठलाही नवा विषय आला तरी तो हात उपयोगी पडतो. पण बाकी सगळं सारखं नसतं. दोन्ही ठिकाणी जाऊन एकेक दिवस बसा. नुसत्या रिकाम्या सिलिकॉन तुकड्याचं किंवा रिकाम्या कॅप्सूलचं मोजमाप दाखवा म्हणा. ज्या गटात ती फाइल दोन मिनिटांत उघडते तिथे रोजच्या कामात शिस्त आहे. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकटं गाठून विचारा, की त्याचा कुठला निकाल शेवटी खोटा निघाला आणि तो कुणी पकडला. पंप बिघडला तर दुरुस्त कोण करतं तेही विचारा. उत्तर ‘कंपनीचा माणूस येतो, तोपर्यंत थांबतो’ असं आलं, तर पाच वर्षांतलं एक वर्ष थांबण्यात जाईल हे धरून चाला. नॅनोकणांचा गट या तीन प्रश्नांत सरस ठरला, तर खुशाल तिकडे जा आणि पहिल्याच वर्षी एसी ससेप्टिबिलिटी आणि मॉसबाउअर स्वतःच्या हाताने शिकून घ्या.